बीबीसी मायक्रो डेस्कटॉपवर: इम्युलेटर, डिस्क इमेज आणि कीबोर्डची भानगड

चौसष्टअधिकदोन (धागाकर्ता)

एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला. ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, ३२ केबी रॅम, ३२ केबी रॉम. मूळचा केंब्रिजचा, पण आपल्याकडे अनेकांनी तो शाळेत पाहिला असेल. १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास प्रकल्पात (शाळांत संगणक शिकवण्याची सरकारी योजना) शाळांना हेच यंत्र मिळालं आणि सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते युनिकॉर्न या नावाने आणलं. हा धागा ते यंत्र आजच्या डेस्कटॉपवर इम्युलेटरने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने, नीट चालवण्यासाठी.

आधी एक खुलासा: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना रोमन मोठी लिपी वापरा. छोट्या लिपीत टाकलंत तर बेसिक 'मिस्टेक' म्हणून मोकळं होतं. मायक्रो चालू होतो तेव्हा कॅप्सलॉक आपोआप चालू असतो, त्यामुळे पीसीच्या कॅप्सलॉकच्या दिव्यावर विसंबू नका, पडद्यावर उमटणारं अक्षर पाहा.

कोणता इम्युलेटर?

विंडोजवर बीबएम. इन्स्टॉलर चालवा, संपलं. रॉम (मूळ यंत्राच्या कायम चिपांमधला मजकूर, फाइलरूपात) त्याच्यासोबतच येतात, वेगळे शोधत बसू नका. त्याचं वापरकर्त्याचं फोल्डर 'डॉक्युमेंट्स'मध्ये तयार होतं. डिस्क इमेज (फ्लॉपीची फाइलरूप प्रत) तिथल्या 'डिस्कइम्स'मध्येच ठेवा. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवलेल्या इमेजवर विंडोज लिहू देत नाही आणि मग दोष इम्युलेटरच्या माथी येतो.

लिनक्सवर बी-एम. अ‍ॅलेग्रो ५ आणि झेडलिब यांची डेव्हलपमेंट पॅकेजं आधी बसवा, मग स्रोतातून बांधा. नुसती अ‍ॅलेग्रोची चालवायची पॅकेजं असून भागत नाही, कॉन्फिगरची पायरी तिथेच अडते.

बी२ तिन्ही प्रणालींवर चालतो आणि डीबगर हवा असेल तर याला तोड नाही. स्रोतातून बांधायचा असेल तर गिटने सबमॉड्यूलसकट क्लोन करा. संकेतस्थळावरून झिप उतरवली तर सबमॉड्यूलची फोल्डरं रिकामी येतात.

काहीच बसवायचं नसेल तर जेएसबीब ब्राउझरमध्ये चालतो.

चालू झाल्यावर दोन सुरांची शिट्टी आणि 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली डीएफएसचं (डिस्क सांभाळणारी प्रणाली) नाव, खाली 'बेसिक' आणि मग बाणाचं चिन्ह. एवढं दिसलं की लगेच हे तपासा:

प्रिंट पेज (बेसिकचा कार्यक्रम स्मृतीत जिथे सुरू होतो तो पत्ता): उत्तर ६४०० यायला हवं.
प्रिंट हायमेम (त्याला मिळणाऱ्या जागेचं वरचं टोक): ३१७४४.

पेज ३५८४ आलं तर डीएफएसचा रॉम बसलेला नाही, किंवा तुम्ही मॉडेल बी सोडून मास्टर (नंतरचं मॉडेल) निवडला आहे. बाणाऐवजी 'लँग्वेज?' असं आलं तर बेसिकचा रॉम सापडलेला नाही.

वेग तपासायचा असेल तर टाइम=० : रिपीट अनटिल टाइम>=६००० ही ओळ टाका आणि घड्याळ लावा. टाइम शतांश सेकंदांत मोजतो, म्हणजे बाण बरोबर एका मिनिटाने परतला पाहिजे. लवकर परतला तर वेगाची मर्यादा काढलेली आहे, उशिरा परतला तर पीसीला झेपत नाहीये.

---

उलटाटिंब

धागा वाचनखुणेत टाकला. कीबोर्डबद्दल सविस्तर लिहितो, कारण नव्वद टक्के लोक पहिल्या पाच मिनिटांत तिथेच अडकतात आणि सोडून देतात.

मॅपिंगचे दोन प्रकार असतात. 'लॉजिकल'मध्ये पीसीच्या कळीवर जे छापलंय ते उमटतं. 'डिफॉल्ट' किंवा 'फिजिकल'मध्ये कळ जिथे आहे तिथली बीबीसीची कळ दाबली जाते. आपल्याकडचे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे, म्हणून फिजिकलमध्ये असं होतं:

तारा (*) हवा: शिफ्ट आणि एल-च्या उजवीकडची दुसरी कळ, म्हणजे अवतरणचिन्हाची. नुसती दाबली तर विसर्गचिन्ह (:) येतं.
दुहेरी अवतरण हवं: शिफ्ट २.
बरोबरचं चिन्ह हवं: शिफ्ट आणि वजा. आपली बरोबरची कळ दाबली तर टोपी (^) उमटते.
अधिक हवं: शिफ्ट आणि अर्धविराम.
अ‍ॅट (@) हवा: पी-च्या उजवीकडची चौकटी कंसाची कळ.

खेळ खेळायचे तर फिजिकलच ठेवा. त्या काळचे बरेच खेळ झेड-एक्स डावी-उजवीकडे आणि ':' व '/' वर-खाली असे आहेत. लॉजिकलमध्ये ':' साठी शिफ्ट दाबावी लागते आणि इम्युलेटरला शिफ्ट लपवावी लागते, त्या गोंधळात उडी हुकते. कार्यक्रम टंकायचा तर लॉजिकल. दोन्ही एकदम साधत नाही.

ब्रेकची कळ म्हणजे बहुतेक इम्युलेटरांत एफ१२. लॅपटॉपवर एफ१२ ला आवाज किंवा विमानाचं चित्र असेल तर एफएन धरून दाबा, किंवा बायोसमध्ये फंक्शन कळा मूळ कामाला लावून टाका. चुकून ब्रेक दाबला तर घाबरू नका. काहीही नवीन ओळ न टंकता 'ओल्ड' टाका, कार्यक्रम परत येतो. एक जरी क्रमांकाची ओळ टंकलीत तर गेला.

---

खोबणीतलाचिप

आपोआप सुरू होणारी डिस्क म्हणजे शिफ्ट-ब्रेक. लोक दोन्ही एकदम सोडतात आणि मग 'चालत नाही' म्हणतात. आधी ब्रेक सोडायचं, शिफ्ट डिस्कचा आवाज सुरू होईपर्यंत धरून ठेवायची. मूळ यंत्रातही असंच होतं.

---

पंधरावीबँक

एक व्यावहारिक शंका. वर्डप्रोसेसरचा रॉम बसवला आणि आता मायक्रो बेसिकऐवजी थेट त्यातच उघडतो. रॉम फाइल १६,३८४ बाइटची आहे, खराब वाटत नाही.

---

चौसष्टअधिकदोन

@पंधरावीबँक, रॉम खराब नाही, जागा चुकली. मायक्रोत बाजूच्या रॉमच्या १६ जागा असतात, ० ते १५. चालू होताना सर्वांत वरच्या क्रमांकावरची 'लँग्वेज' जातीची रॉम सुरू होते. बेसिक १५ वर आणि तुमचा वर्डप्रोसेसर त्याखाली, म्हणजे १४ ते ० मधल्या रिकाम्या जागी. तुम्ही बहुधा उलट केलंय.

बीबएममध्ये रॉमची यादी मेनूमधून बदलता येते किंवा रॉम्स डॉट सीएफजी ही फाइल हाताने लिहिता येते. प्रत्येक मॉडेलसाठी १७ ओळी: पहिली ओळ ऑपरेटिंग सिस्टिमची, मग १५ पासून ० पर्यंत उतरत्या क्रमाने. रिकाम्या जागी 'एम्प्टी', रॅम हवी तिथे 'रॅम'. एक ओळ कमी-जास्त झाली की पुढच्या सगळ्या मॉडेलची यादी सरकते, आणि मग मॉडेल बी ठीक पण मास्टर मात्र उठत नाही असा चमत्कार दिसतो. बदलण्याआधी फाइलची प्रत ठेवा.

८ केबीचे रॉमही असतात, डीएफएस ०.९० तसाच. फाइल ८,१९२ बाइटची दिसली तर अर्धीच उतरली असं समजू नका.

---

फडताळ

डिस्क कंट्रोलरचा, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा, विषय सुटला. मॉडेल बी ला दोन जातीचे कंट्रोलर लागत: आधी इंटेल ८२७१, नंतर १७७०. डीएफएसचा रॉम कंट्रोलरला जुळणारा लागतो. ८२७१ चा डीएफएस आणि १७७० चं हार्डवेअर अशी जोडी लावली तर डिस्क वाचलीच जात नाही. इम्युलेटरच्या तयार मॉडेलमध्ये जोडी बरोबर असते, हाताने रॉम बदलल्यावर बिघडते.

ठरवायचं कसं? साध्या एसएसडी इमेजला (एका बाजूच्या डिस्कची प्रत, पीसीतला एसएसडी नव्हे) काहीही चालतं. मूळ संरक्षित डिस्कवरून काढलेली एफएसडी इमेज असेल तर ८२७१ घ्या, ती संरक्षणं त्याच चिपच्या खोड्यांवर बेतलेली आहेत. एडीएफएसची (एकॉर्नची दुसरी डिस्क प्रणाली) एडीएल इमेज (६,५५,३६० बाइट) असेल तर १७७० लागतोच.

---

हिरवाफॉस्फर

जतन होत नाही ही तक्रार या विषयावर हमखास येते, म्हणून तीन इम्युलेटरांचं वेगवेगळं वागणं लिहून ठेवतो.

बीबएम: डिस्क उघडतानाच 'लिहिण्यास मनाई' लागलेली असते. सेव्ह केलं की 'डिस्क रीड ओन्ली'. मेनूतून त्या ड्राइव्हची मनाई काढायची.

बी२: डिस्क स्मृतीत उघडली तर बदल स्मृतीतच राहतात. सेव्ह यशस्वी दिसतं, कॅटलॉगमध्ये नाव दिसतं, खिडकी बंद केली की सगळं हवेत. डिस्क इमेज वेगळी जतन करा किंवा सुरुवातीलाच फाइल थेट उघडण्याचा पर्याय घ्या.

जेएसबीब: पान ताजं केलं की गेलं. ड्राइव्हची इमेज उतरवून घेण्याची सोय मेनूत आहे, ती उठण्याआधी वापरा.

बी२ चा प्रकार सर्वांत फसवा, कारण तक्रारच येत नाही.

---

पंधरावीबँक

कोरी इमेज कशी करायची? २,०४,८०० शून्यं भरून फाइल केली, *कॅट (फाइलींची यादी) चालतं, पण पहिल्याच सेव्हला 'डिस्क फुल'.

---

फडताळ

अपेक्षितच. ८० ट्रॅक, प्रत्येकात १० सेक्टर, सेक्टर २५६ बाइटचा: हा हिशेब २,०४,८०० बरोबर. पण डीएफएस डिस्कचा आकार मोजत नाही, कॅटलॉगमध्ये लिहिलेला वाचतो. तिथे शून्य असल्यावर त्याच्या मते डिस्कच शून्य सेक्टरची.

हेक्स एडिटरमध्ये (मोजणी ० पासून) २६२ क्रमांकाच्या बाइटमध्ये ३ आणि २६३ मध्ये ३२ भरा. हे दशमान आकडे आहेत. ३ गुणिले २५६ अधिक ३२ म्हणजे ८०० सेक्टर. ४० ट्रॅकच्या डिस्कला १ आणि १४४, म्हणजे ४००.

शिफ्ट-ब्रेकने '!बूट' फाइल आपोआप वाचली जावी असं हवं असेल तर तोच पर्याय २६२ च्या वरच्या बिटांत असतो. ३ ऐवजी ५१ लिहा, *ऑप्ट ४,३ दिल्यासारखं होतं.

मर्यादाही लक्षात ठेवा: एका बाजूला ३१ फाइली, नाव ७ अक्षरांचं. बत्तिसाव्या फाइलीला 'कॅट फुल' येतं, जागा कितीही शिल्लक असली तरी. आणि फाइल वाढताना पुढे दुसरी फाइल बसलेली असेल तर 'कान्ट एक्स्टेंड'. त्यावर उपाय *कॉम्पॅक्ट, पण ते स्मृतीतला कार्यक्रम पुसतं. आधी सेव्ह, मग कॉम्पॅक्ट.

---

उलटाटिंब

डीएसडीबद्दल (दोन बाजूंच्या डिस्कची इमेज) एक भर. दोन एसएसडी एकामागे एक जोडून डीएसडी होत नाही. त्यात २,५६० बाइटचा एक ट्रॅक पहिल्या बाजूचा, मग एक दुसऱ्या बाजूचा अशी वीण असते. जोडलेल्या फाइलचा कॅटलॉग बरोबर दिसतो (पहिला ट्रॅक जागेवर असतो ना) आणि फाइल उघडली की कचरा. म्हणूनच चूक उशिरा लक्षात येते. दुसरी बाजू पाहायची तर *ड्राइव्ह २, १ नव्हे.

---

सातवामोड

'नो रूम' (जागा नाही) आणि 'बॅड मोड' यावर कोणी लिहिलं नाही, तो तर या यंत्राचा गाभा.

रॅम ३२ केबी, आणि पडदा त्यातूनच जागा खातो, किती ते पडद्याच्या 'मोड'वर (मांडणीवर). मोड ७ (टेलिटेक्स्ट) फक्त १ केबी घेतो. मोड ०, १, २ प्रत्येकी २० केबी. मोड ३ ला १६, मोड ४ आणि ५ ला १०, मोड ६ ला ८. डीएफएस बसलं की ते खालून आणखी २,८१६ बाइट घेतं, पेज ३५८४ वरून ६४०० वर जातं ते त्यामुळेच.

म्हणजे डिस्कसकट बेसिकच्या वाट्याला येतं:
मोड ७: २५,३४४ बाइट
मोड ४: १६,१२८
मोड १: ५,८८८

शेवटचा आकडा पाहिलात? पाच केबी आणि थोडं वर. कॅसेटसाठी लिहिलेला कार्यक्रम डिस्क इमेजमध्ये टाकून दिलेला असतो, मोड १ मागतो आणि 'बॅड मोड' येऊन थांबतो. इम्युलेटर अगदी बरोबर वागत असतो.

उपाय जुनाच: कार्यक्रम मोड ७ मध्ये लोड करा (रन नाही), मग

*टेप
फॉर आय%=० टू टॉप-पेज स्टेप ४ : आय%!३५८४=आय%!पेज : नेक्स्ट
पेज=३५८४
ओल्ड
रन

*टेप (यंत्र डिस्क सोडून कॅसेटवर जातं) आधीच हवं. ज्या जागेवर आपण कार्यक्रम ओढतोय ती डीएफएसची कामाची जागा आहे, ते जिवंत असताना तिच्यावर लिहिलं तर दोघंही बुडतात. अर्थात नंतर कार्यक्रमाने डिस्कवरून काही वाचायचं म्हटलं तर जमणार नाही, आणि ब्रेक दाबला की पेज पुन्हा ६४००.

---

हिरवाफॉस्फर

एवढं करण्यापेक्षा मॉडेल मास्टर १२८ निवडा. त्यात डीएफएस असूनही पेज ३५८४ राहतं.

---

सातवामोड

बेसिकच्या कार्यक्रमांसाठी मान्य. यंत्रभाषेतल्या खेळांसाठी सरसकट नको. मास्टरमध्ये ६५सी१२ आहे, मूळ ६५०२ च्या अलिखित आज्ञा त्यात चालत नाहीत. शिवाय काही खेळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतल्या पत्त्यांवर थेट उडी मारतात, ते पत्ते मास्टरमध्ये हललेले आहेत. पडदा काळा पडला की आधी मॉडेल बी करून पाहा.

---

चौसष्टअधिकदोन

पीसीवर लिहिलेला कार्यक्रम आत कसा न्यायचा, तेही लिहून ठेवतो. बी२ आणि जेएसबीब दोन्हीत पेस्ट चालतं. नाहीतर मजकुराची फाइल इमेजमध्ये टाकून *एक्झेक, म्हणजे ती टंकल्यासारखी वाचली जाते. इथे एकच सापळा: ओळीचा शेवट १३ क्रमांकाच्या चिन्हाने हवा. लिनक्सच्या संपादकात शेवट १० ने होतो, मायक्रो त्याला एंटर मानत नाही, कर्सर नुसता खाली सरकतो आणि सगळ्या ओळी एकात गुंफल्या जातात. २३८ अक्षरं भरली की नुसती पीं-पीं. उलट दिशेला, म्हणजे लिस्टिंग बाहेर काढायला, *स्पूल नाव, लिस्ट, मग नुसतं *स्पूल. शेवटचं विसरलात तर फाइल उघडीच राहते.

---

नारळीपोफळी

कोकणातल्या एका शाळेच्या कपाटातल्या सव्वापाच इंची फ्लॉपी आणि काही कॅसेटी आहेत. त्यांची इमेज करायची तर काय लागेल? बाजारातला यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह चालेल का?

---

फडताळ

यूएसबीवाला नाही. तो साडेतीन इंची, आणि एमएफएम (दुप्पट घनतेची नोंद) पद्धतच वाचतो. डीएफएसच्या डिस्क एकपट घनतेच्या एफएम पद्धतीच्या असतात, त्या जुन्या पीसीच्या कंट्रोलरांनाही सरसकट झेपत नाहीत. ग्रीझवीझल बोर्ड (जुना ड्राइव्ह यूएसबीला जोडणारा), ३४ तारांची पट्टी आणि चालू सव्वापाच इंची ड्राइव्ह लागेल. ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही हवेत. यूएसबीतून १२ येत नाही, वेगळा पुरवठा जोडा.

४० ट्रॅकची डिस्क ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये वाचताना स्टेप २ द्या, नाहीतर एक आड एक ट्रॅक रिकामा येतो. आणि थेट एसएसडी काढू नका. आधी कच्चा फ्लक्स (डिस्कवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे) एससीपी फाइल म्हणून साठवा, इमेज त्यातून बनवा. डिस्क दुसऱ्यांदा वाचली जाईलच याची खात्री नसते.

पण त्याआधी, कोकण म्हटलंत म्हणून: खिडकीतून डिस्कवर पांढुरके ठिपके दिसतायत का ते उजेडात तिरपी धरून पाहा. ती बुरशी. तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेडवर चिकटते, त्या डिस्कला गोल ओरखडा पडतो आणि पुढच्या चांगल्या डिस्कलाही. बाहेरच्या वेष्टणाची वरची कड कापा, आतली तबकडी सरकवून काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड घेऊन हलक्या हाताने पुसा. पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या स्वच्छ वेष्टणात घालून वाचा, आणि प्रत्येक डिस्कनंतर हेड पुसा. घाई केली तर ड्राइव्ह जातो, डिस्क जाते.

---

उलटाटिंब

कॅसेटी त्या मानाने सोप्या. हेडफोनच्या भोकातून पीसीच्या लाइन-इनला, वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. डॉल्बी बंद. एमपी३ चुकूनही नको. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झचं एक आवर्तन आणि एक म्हणजे २४०० ची दोन, एमपी३ या कडाच बोथट करतं. आवाज इतकाच ठेवा की लाटेचं डोकं चपटं होणार नाही. मग यूईएफ (कॅसेटची इमेज) करा, *टेप, चेन "".

'डेटा?' आलं तर त्या २५६ बाइटच्या ठोकळ्याची बेरीज जुळली नाही. 'ब्लॉक?' म्हणजे मधला ठोकळा हुकला. दोन्हीला पहिला उपाय एकच: प्लेअरच्या हेडचा कोन बदलणारा बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवा आणि वरचे स्वर सर्वांत खणखणीत येतात तिथे थांबा. टेप दुसऱ्या यंत्रावर भरली गेली होती, तिचा कोन वेगळा असतो.

---

हिरवाफॉस्फर

पडद्याबद्दल राहिलं. मायक्रो सेकंदाला ५० चित्रं काढतो, तुमचा मॉनिटर ६०. दर पाच चित्रांमागे एक दुप्पट वेळ दिसतं, म्हणजे सेकंदाला दहा बारीक धक्के. आडवा सरकणारा मजकूर थरथरतो तो त्यामुळे, ग्राफिक कार्ड बदलून काही होणार नाही. मॉनिटर ५० किंवा १०० हर्ट्झवर लावता येत असेल तर लावा.

---

नारळीपोफळी

@फडताळ, ठिपके आहेत. बावीसपैकी नऊ डिस्कवर. १२ व्होल्टच्या पुरवठ्याला किती अँपिअर पुरेत?

---

फडताळ

ड्राइव्हच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्याहून वरचा घ्या. मोटर सुटताना ओढ वाढते, म्हणून काठावरचा नको. जुन्या पीसीचा पुरवठा असेल तर उत्तम, चार टोकांचा जोड थेट बसतो: पिवळी तार १२, लाल ५, दोन काळ्या. आधी स्वच्छ तेरा वाचून घ्या, ठिपकेवाल्या नऊ शेवटी.